व्हेनिस ते फ्रँकफर्ट: सव्वीस दिवसांच्या गाडीप्रवासाचे शेवटचे पाच दिवस

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचं सहा जणांचं कुटुंब: नवरा-बायको, चौदा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेले आईबाबा. १४ मे २०२६ला फ्रँकफर्टला उतरून नऊ आसनी डिझेल व्हॅन भाड्यानं घ्यायची, पॅरिस, स्वित्झर्लंड, टस्कनी, रोम करत २ जूनला व्हेनिसबाहेर मेस्त्रेला पोचायचं. परतीचं विमान सोमवारी, ८ जूनला दुपारी दीड वाजता, फ्रँकफर्टहूनच. शेवटचा बेत: गुरुवार व्हेनिस, शुक्रवार कोर्तिना, शनिवारी हालश्टाट पाहून मुक्काम साल्झबुर्गला, रविवारी नॉयश्वानश्टाइनचा किल्ला करून मुक्काम हायडेलबर्गला, सोमवारी सकाळी थेट विमानतळावर जाऊन गाडी परत. ‘एवढं जमेल ना?’

गाडी पोचेल. माणसांचं मी सांगू शकत नाही.

मी सोळा वर्षं श्टुटगार्टजवळ राहते. त्यातली दहा वर्षं भारतातून येणाऱ्या कुटुंबांना गाडीनं फिरायचे रस्ते आखून देते आहे, कधीकधी स्टिअरिंगवरही बसते. माझा अनुभव असा की विसाव्या दिवसापर्यंत सगळं गोडीगुलाबीनं चालतं आणि घोटाळे होतात ते शेवटच्या आठवड्यात. कारण साधं आहे. बेत पहिल्या दिवसापासून पुढे आखत जातात. पॅरिसला तीन दिवस, रोमला तीन दिवस, आणि मग जे-जे राहिलं ते शेवटी कोंबायचं. फ्रिजमध्ये उरलेल्या भाज्यांची मिक्स भाजी करावी तसं. मी शेवटचे पाच दिवस उलटे आखते. विमानाची वेळ धरायची आणि तिथून मागे यायचं.

आधी कॅलेंडर बघा, नकाशा नंतर. बाव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मनीच्या दक्षिणेकडच्या दोन मोठ्या राज्यांत फिंग्स्टन या ख्रिस्ती सणाची शाळांना दोन आठवडे सुट्टी असते. यंदा ती ५ जूनला संपते. म्हणजे गार्डा सरोवरावर नि एड्रियाटिकच्या किनाऱ्यावर गेलेली सगळी जर्मन कुटुंबं ६ आणि ७ जूनला आल्प्स ओलांडून घरी परतणार, आणि तुम्हीही नेमके त्याच शनिवारी त्याच दिशेनं निघणार. गणपती करून चाकरमानी परत निघाले की मुंबई-गोवा महामार्गाचं जे होतं तेच इथे होतं, फक्त हॉर्न कोणी वाजवत नाही. कोर्तिनाहून हालश्टाटला जाताना टाउअर्न पर्वतरांग लागते, ती याच रेट्यात सापडते. ब्रेनर घाटाच्या बाजूला तर लूएग नावाचा जुना पूल आहे. त्याच्यावरचा भार कमी करायला १ जानेवारी २०२५पासून एरवी एका दिशेला एकच लेन चालू ठेवतात, फार गर्दीच्या दिवशी तेवढ्या दोन.

आता तुमच्या बेतातली अंतरं मांडून बघा. कोर्तिना-हालश्टाट साधारण २६०, तिथून साल्झबुर्ग ७५, साल्झबुर्ग-फ्युसेन (नॉयश्वानश्टाइनजवळचं गाव) २१५, फ्युसेन-हायडेलबर्ग ३४०. दोन दिवसांत नऊशेच्या आसपास किलोमीटर, तेही वर्षातल्या वाईटातल्या वाईट शनिवार-रविवारी. वर हालश्टाटला गाडी लावायला गावाबाहेर जागा शोधायची आणि किल्ल्याची चढण चढायची.

माझा सल्ला: शुक्रवारी आल्प्स ओलांडून मोकळे व्हा. हालश्टाट आणि हायडेलबर्ग दोन्ही सोडा. हालश्टाट हे आठशेहूनही कमी वस्तीचं गाव आहे. फोटोत दिसतं ते सगळं खरं, पण त्या फोटोसाठी किती माणसं उभी असतात ते फोटोत येत नाही. कोर्तिनाबद्दल मला जास्त वाईट वाटतं. पण डोलोमाइट्सच्या डोंगरांचा वास तुम्हाला उत्तर इटलीतल्या बोल्झानोलाही येईल.

गुरुवार, ४ जून. व्हेनिस बुधवारीच बघून घ्या आणि आज सकाळी नऊपर्यंत मेस्त्रे सोडा. वेरोनावरून ए२२ महामार्गानं बोल्झानो साधारण २७० किलोमीटर. इटलीतला टोल अंतरावर असतो: शिरताना तिकीट घ्यायचं, बाहेर पडताना पैसे द्यायचे. हे तुम्हाला एव्हाना पाठ झालेलं असेल. त्या दिवशी ऑस्ट्रियात आणि दक्षिण जर्मनीत फ्रोनलाइखनाम या कॅथलिक सणाची सुट्टी असते आणि दुकानं बंद असतात. तुम्ही इटलीच्या हद्दीत असाल म्हणून अडचण येणार नाही. बोल्झानोत घर घेताना माझी एकच अट असते, वॉशिंग मशीन हवं. दुपारी कपडे मशीनला लावा आणि मुलांना पुरातत्त्व संग्रहालयात न्या. तिथे १९९१ साली हिमनदीत सापडलेला, पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा माणूस ठेवलाय, ओत्झी. एका छोट्या चौकोनी खिडकीतून त्याला बघायचं असतं. त्याची कातडी, त्याचे बूट, त्याची तांब्याची कुऱ्हाड. तुमच्या मुलीच्या वयाच्या मुलांना रोमच्या दहाव्या चर्चपेक्षा हे कितीतरी पटीनं आवडतं. आजीआजोबांना मैदानातल्या कॅफेत बसवून ठेवलंत तरी चालेल, आतल्या मजल्यांचा आग्रह नको.

शुक्रवार, ५ जून. हा या पाचांतला खरा गाडी चालवायचा दिवस, आणि इथे मी हट्टी आहे: साडेसातला गाडी हललेली हवी. पोहे आदल्या रात्री निवडून ठेवा, नाहीतर डब्यात ब्रेड-जॅम घ्या, पण ‘चहा घेऊन निघू’ म्हणत दहा वाजवू नका. बोल्झानो ते फ्युसेन साधारण २३० किलोमीटरच आहे, पण त्यात ब्रेनर आणि फर्नपास असे दोन घाट येतात.

टोलचा घोळ इथेच होतो, म्हणून नीट सांगते. ऑस्ट्रियाच्या महामार्गांसाठी विन्येट लागतं, म्हणजे काही दिवसांसाठीचा परवाना. हल्ली ते एका दिवसाचंही मिळतं. पण ब्रेनर ते इन्सब्रुक हा ए१३ रस्ता त्यात येत नाही, त्याचा टोल वेगळा भरायचा. मग इन्सब्रुकजवळ ए१२ला लागलात की विन्येट हवंच. लोक ए१३चा टोल भरतात, पावती खिशात टाकतात आणि ‘झाला टोल’ म्हणून ए१२वर चढतात. कॅमेरा नंबरप्लेट वाचतो आणि बिल भाड्याच्या कंपनीमार्फत दोन महिन्यांनी नाशिकला येतं, वर कंपनीचा हाताळणी खर्च. विन्येट सीमेआधीच्या पंपावर किंवा ऑनलाइन घ्या, आणि गाडीचा नंबर दोनदा तपासा. शून्य आणि ओ यांत गल्लत केलेलं एक कुटुंब माझ्या चांगलं लक्षात आहे. इन्सब्रुकच्या आसपास हवेच्या प्रदूषणामुळे ताशी १०० किलोमीटरची मर्यादा लावतात. रस्ता मोकळा आणि रुंद असतो, पाय आपोआप दाबला जातो.

इन्सब्रुकनंतर फर्नपास. साधारण १,२०० मीटर उंचीचा घाट, वळणं आपल्या कसाऱ्याची आठवण करून देणारी. उतरलात की लेर्मोसच्या कुरणांपलीकडे झुगश्पिट्झे उभा दिसतो. जर्मनीतलं ते सर्वांत उंच शिखर, २,९६२ मीटर. तिथे थांबा, घोंगडी पसरा, डबा खा. पुढे रॉयटेजवळ रस्त्यावरूनच एक झुलता पूल लटकलेला दिसेल, दरीपासून ११४ मीटर उंच आणि ४०६ मीटर लांब. मुलांना आणि त्यांच्या बाबांना तिकडे सोडा. आजीआजोबांना खालूनच बघू द्या. त्यावरून चालायची सक्ती करू नका, जाळीतून पायाखालची दरी दिसते.

जर्मनीच्या हद्दीत शिरताना पासपोर्ट हाताशी हवेत. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत, सीमा नसतात हे पुस्तकात ठीक आहे. सप्टेंबर २०२४पासून जर्मनीनं सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली, ऑस्ट्रियाच्या सीमेवर तर ती २०१५पासूनच आहे. सहा जणांची व्हॅन असली की थांबवण्याची शक्यता असतेच. पासपोर्ट सुटकेसमध्ये, सुटकेस डिकीत सगळ्यात खाली आणि वर कुकर अशी रचना असली की पुढचे वीस मिनिटं सगळं कुटुंब रस्त्याच्या कडेला सामान उपसत बसतं.

नॉयश्वानश्टाइन शुक्रवारी दुपारी करायचा असेल तर वेळेचं तिकीट आत्ताच ऑनलाइन काढा, तिथे जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका. आतला फेरफटका अर्ध्या तासाचाच असतो, पण आधी चढण आणि मग पायऱ्या आहेत. घोडागाडी थेट दारापर्यंत जात नाही. दुसऱ्या लुडविग राजानं १८६९मध्ये तो बांधायला घेतला, १८८६मध्ये तो वारला तेव्हाही काम अर्धवट होतं, आणि आतून तो तसाच अर्धवट आहे. खरं सांगायचं तर तो बाहेरून बघायचाच किल्ला आहे. आजीआजोबांसाठी खाली आल्पसे तळ्याकाठचा बाक पुरे. माझ्या सासूबाई तिथे दोन तास बदकांना नावं ठेवत बसल्या होत्या आणि अजूनही युरोप म्हटलं की त्यांना तेच आठवतं.

शनिवार, ६ जून. फ्युसेनहून ए७ सुरू होतो. तो उत्तरेकडे थेट डेन्मार्कच्या सीमेपर्यंत ९६२ किलोमीटर जातो, जर्मनीतला सर्वांत लांब महामार्ग. परतणाऱ्यांची गर्दी याही रस्त्यावर येते, पण इटलीहून सकाळी निघालेले इथे पोचायला दुपार होते. तुम्ही आठला निघालात तर त्यांच्या पुढे राहाल. सव्वाशे किलोमीटरवर उल्म. तिथल्या मुन्स्टरचा मनोरा १६१.५३ मीटर, शतकभराहून जास्त काळ जगातलं सर्वांत उंच चर्च म्हणून मिरवलं. २०२५च्या ऑक्टोबरात बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलियानं त्याला मागे टाकलं. उल्मच्या लोकांना हे विषय काढून चिडवू नका. ७६८ पायऱ्या आहेत, मुलांना चढू द्या. बाकीच्यांनी खाली शनिवारचा बाजार बघावा, किंवा डॅन्यूबच्या बाजूला कोळ्यांच्या जुन्या वस्तीत सपाटीवर फिरावं.

मुक्काम रोथेनबुर्गला. दिवसभराच्या बसगाड्या संध्याकाळी निघून जातात आणि तटबंदीतलं गाव तुमच्यासाठी रिकामं होतं. तिथला श्नेबाल म्हणजे पिठीसाखर भुरभुरलेला, चेंडूसारखा वळलेला चिरोटाच. आईंना दाखवा, त्या म्हणतील यापेक्षा आपला बरा, आणि ते बरोबरच आहे. मात्र त्यात अंडं असतं, घरात कोणी खात नसेल तर आधी सांगा.

पण शनिवारचं मुख्य काम गाव बघणं नव्हे. रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात. उघडे राहतात ते पेट्रोल पंप, मोठ्या स्टेशनांवरची आणि विमानतळावरची दुकानं. बाव्हेरियात शनिवारी रात्री आठला सुपरमार्केटचं शटर पडतं, साडेसातला पोचलात तर धावत खरेदी होते. म्हणून चॉकलेटं, नातेवाइकांच्या भेटी, रविवारचं दूध-दही, बाबांच्या गोळ्या कमी पडत असतील तर औषधाचं दुकान, हे सगळं शनिवारी दुपारी चार ते सहा. रिकाम्या बाटल्याही तेव्हाच काढा. जर्मनीत बहुतेक प्लॅस्टिक बाटल्या आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते, सुपरमार्केटमधल्या यंत्रात बाटली टाकली की चिठ्ठी येते. नऊ वर्षांच्या मुलाला हे काम द्या. आमच्याकडच्या एकानं सतरा बाटल्या टाकून ४ युरो २५ सेंट मिळवले आणि सगळ्या प्रवासात त्याला सर्वांत जास्त मजा त्या यंत्रासमोर आली. ऑस्ट्रियातल्या बाटल्यांना २०२५पासून तेवढीच अनामत आहे, पण त्या ऑस्ट्रियातच परत द्याव्या लागतात, जर्मन यंत्र त्या थुंकून टाकतं. तसंच महामार्गावरच्या शौचालयांची एक युरोची कुपनं. सहा जणांची तीन आठवड्यांत गठ्ठाभर साठतात. जाताजाता त्यांची कॉफी प्या.

शनिवारी दुपारी दीडच्या आत आणखी एक फोन करायचाय. आईबाबांना विमानतळावर व्हीलचेअर हवी असेल तर ती विमान कंपनीला किमान ४८ तास आधी सांगायची असते. तिकिटावर आधीच नोंदवली असली तरी एकदा खात्री करा.

रविवार, ७ जून. रोथेनबुर्ग ते फ्रँकफर्ट विमानतळ साधारण १८० किलोमीटर. गाडी रविवारीच परत करा आणि रात्र विमानतळालगतच्या हॉटेलात काढा. हे ऐकल्यावर सगळे म्हणतात, एक दिवस फुकट जाईल. सोमवारी सकाळी फ्रँकफुर्टर क्रॉइत्सला, म्हणजे ए३ आणि ए५ जिथे एकमेकांना छेदतात तिथे, ऑफिसच्या गर्दीत सहा माणसं, बारा डाग आणि घड्याळाकडे डोळे लावलेला ड्रायव्हर यांनी काय होतं ते मी पाहिलंय. शिवाय गाडीचं भाडं चोवीस तासांच्या हिशेबानं लागतं. ज्या वेळेला घेतली त्या वेळेनंतर थोडाही उशीर झाला की आणखी एक दिवस चढू शकतो. घेतल्याची वेळ करारावर छापलेली असते, ती गाडी घेतानाच फोनमध्ये लिहून ठेवा.

डिझेल विमानतळाच्या दहाएक किलोमीटर अलीकडच्या गावात भरा. महामार्गावरचे पंप गावातल्यापेक्षा चांगलेच महाग असतात. पावतीचा फोटो काढा. आणि अॅडब्लूचं, म्हणजे डिझेल गाडीच्या धुराचं प्रदूषण कमी करणाऱ्या द्रवाचं, बघा. पाच हजार किलोमीटर फिरलेली डिझेल व्हॅन शेवटच्या आठवड्यात हमखास त्याचा दिवा लावते. दुर्लक्ष करत राहिलात तर टाकी रिकामी झाल्यावर इंजिन सुरू होत नाही. टाकीचं झाकण निळं असतं, डिझेलच्या शेजारीच. काही वर्षांपूर्वी माझ्या ओळखीतल्या एका हौशी काकांनी घाईत ते डिझेलच्या टाकीत ओतलं. व्हॅन टोइंगवर गेली, कुटुंब टॅक्सीनं, आणि विमा कंपनीनं हात वर केले. निळं ते निळ्यात, एवढं ज्याला जमेल त्यालाच पंपावर उतरवा.

गाडी देताना जागेवर माणूस नसेल आणि किल्ली पेटीत टाकायची असेल तर पार्किंगमध्येच चारही बाजू, चाकांच्या रिमा, काच, आतल्या सीटा, किलोमीटरचा आकडा आणि डिझेलचा काटा यांचा एक सलग व्हिडिओ घ्या. एका कंपनीनं माझ्याकडून आठ महिन्यांनी बंपरच्या ओरखड्याचे पैसे मागितले होते. व्हिडिओ पाठवला, पत्रव्यवहार थांबला. इटलीतले दंड मात्र याहून सावकाश येतात. जुन्या गावांच्या मध्यभागी बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेल्या भागात तुम्ही फ्लोरेन्समध्ये वगैरे चुकून शिरला असाल, तर परदेशी चालकाला नोटीस पाठवायला तिथल्या कायद्यानं ३६० दिवस दिलेत. म्हणून कराराची प्रत आणि ते क्रेडिट कार्ड पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सांभाळा.

रविवारी संध्याकाळी हॉटेलात वजनकाट्यानं बॅगा मोजा. कुकर कुणाच्या बॅगेत जाणार यावरून होणारं भांडण तिथे होऊ द्या, चेक-इनच्या रांगेत नको.

खरेदीवरच्या करपरताव्याचं: तुम्ही युरोपीय संघातून फ्रँकफर्टहून बाहेर पडताय, म्हणून इटलीत घेतलेल्या वस्तूंच्या कागदांवरचा कस्टमचा शिक्काही तिथेच मिळतो. वस्तू सोबत दाखवाव्या लागतात, तेव्हा बॅग चेक-इनला टॅग लावून परत घ्या आणि आधी कस्टमकडे न्या. स्वित्झर्लंड मात्र संघात नाही. लुसर्नला घड्याळ घेणार असाल तर त्याचा शिक्का तुम्ही स्वित्झर्लंड सोडून इटलीत शिराल त्या सीमेवरच घ्यायचा. तिथे न थांबता पुढे आलात तर फ्रँकफर्टचा कस्टमवाला फक्त खांदे उडवेल.

सोमवारी चार तास आधी टर्मिनलवर. पासपोर्टवर शिक्क्याऐवजी आता चेहरा आणि बोटांच्या ठशांची नोंद होते, ती बाहेर पडतानाही तपासतात, आणि वयस्कर बोटांचे ठसे यंत्राला पहिल्या खेपेला क्वचितच पटतात. व्हिसावरचे दिवस आज मोजा: १४ मे ते ८ जून म्हणजे सव्वीस, उतरण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस धरून. रात्री मोजून पंचवीसचा हिशेब करणारे बरेच असतात.

एक राहिलं. किल्ली देण्याआधी सरकत्या दाराच्या खणात आणि सीटांखाली हात घालून बघा. आमच्या सासऱ्यांचं कानाचं यंत्र त्या खणात राहिलं होतं आणि गाडी धुवायला गेली होती, परत मिळेपर्यंत दीड तास गेला. हे काम मुलाला सांगा. सीटखाली तोच मावतो.